संगीताचं शहर, युनेस्को आणि एआय: ग्वाल्हेरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीत, तानसेन समारोहाच्या आगेमागे आणि बारावीच्या निकालानंतर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतून जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शक्यतो ज्याने जसा विचारला तसाच ठेवला आहे, टोमण्यांसकट.

ग्वाल्हेरला युनेस्कोनं मान दिला म्हणतात. नेमका कसला?

31 ऑक्टोबर 2023 रोजी युनेस्कोनं आपल्या ‘सर्जनशील शहरांच्या जाळ्या’त 55 नवी शहरं घेतली. त्यात भारतातली दोन होती: साहित्यासाठी कोझिकोड आणि संगीतासाठी ग्वाल्हेर. हे जाळं 2004 पासून आहे. आता त्यात चारशेहून अधिक शहरं आहेत. भारतातून संगीताच्या गटात आपल्या आधी वाराणसी (2015) आणि चेन्नई (2017) गेली होती.

लोक याला पुरस्कार समजतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. हे सभासदत्व आहे. शहरानं अर्ज करायचा, आम्ही अमुक करू असं लिहून द्यायचं, आणि दर चार वर्षांनी काय केलं ते कळवायचं. मानसिंह तोमरांचा दरबार, तानसेन, हद्दू-हस्सू खाँ ही आपली पुण्याई अर्जात कामाला आली. पण अहवालात पुण्याई चालत नाही. तिथे चालू वर्षाचं काम दाखवावं लागतं.

मग पैसे किती आले?

एकही नाही. या सभासदत्वासोबत निधी येतच नाही. जे येतं ते एवढंच की जगातली संगीताची इतर शहरं तुमचं पत्र उघडून वाचतात. ते पत्र लिहिणार कोण, हा प्रश्न आपल्याला पडायला हवा.

आणि किल्ला? तो जागतिक वारशात आला ना?

अजून नाही. मार्च 2024 मध्ये मध्य प्रदेशातली सहा ठिकाणं भारताच्या संभाव्य यादीत गेली, त्यात ग्वाल्हेरचा किल्ला आहे. संभाव्य यादी म्हणजे ‘पुढेमागे आम्ही यांचं नामांकन करू’ असं देशानं सांगणं. मुख्य यादीत जुलै 2025 मध्ये गेले ते मराठ्यांच्या लष्करी इतिहासाशी जोडलेले बारा किल्ले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतलं जिंजी. व्हॉट्सअॅपवर या बारांत ग्वाल्हेर घुसवलेला संदेश फिरतो. पुढे पाठवू नका.

किल्ल्यावरची जी गोष्ट खरोखर जगभरच्या गणितज्ञांना इथवर ओढून आणते ती मात्र बहुतेक ग्वाल्हेरकर न बघताच पुढे जातात. चतुर्भुज मंदिर लहान आहे, एकाच खडकात कोरलेलं. आतल्या इसवी सन 876 च्या शिलालेखात देवाच्या बागेची लांबी 270 हात आणि रोजच्या फुलमाळा 50, असे आकडे आहेत, आणि दोन्हींत शून्य आपण आज काढतो तसंच, छोटं गोल, कोरलेलं आहे. तारखेसह कोरलेल्या शून्याच्या भारतातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. एक बाग मोजणाऱ्या माणसानं नीट नोंद केली म्हणून साडेअकराशे वर्षांनी तिची जगात दखल घेतली जाते.

युनेस्को म्हणजे नक्की कोण? शिक्षण, विज्ञान, संस्कृती असं सगळं एकाच पंगतीत का?

दुसरं महायुद्ध संपल्या संपल्या, 16 नोव्हेंबर 1945 ला लंडनमध्ये तिची घटना मंजूर झाली. कार्यालय पॅरिसला. विचार असा होता की तह सरकारांमध्ये होतात, पण द्वेष शाळेत, वर्तमानपत्रात आणि एकमेकांबद्दलच्या अज्ञानात वाढतो. तेव्हा तिथे काम करायचं. विज्ञान नावात थोडं उशिरा शिरलं, अणुबॉम्ब पडल्यावर ते बाहेर ठेवणं कुणालाच शक्य नव्हतं. भारत सुरुवातीपासून सभासद आहे. राधाकृष्णन तिच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष होते, आणि 1956 ची सर्वसाधारण परिषद दिल्लीत, नव्याकोऱ्या विज्ञान भवनात, भरली होती.

तिच्याकडे सैन्य नाही, न्यायालय नाही, आणि पैसाही बेताचाच. अमेरिका 1984 च्या शेवटी बाहेर पडली, 2003 मध्ये परतली, 2018 च्या शेवटी पुन्हा बाहेर, 2023 मध्ये पुन्हा आत, आणि जुलै 2025 मध्ये तिनं जाहीर केलं की डिसेंबर 2026 ला पुन्हा निघणार. प्रत्येक वेळी वर्गणी बुडते. तरी संस्था चालते, कारण तिचं खरं भांडवल म्हणजे देशांनी मिळून मान्य केलेले नियम, याद्या आणि पद्धती.

एआयशी युनेस्कोचा काय संबंध? ते तर कंपन्यांचं काम.

कंपन्या बनवतात, हे खरं. पण शाळेत काय चालेल, रुग्णालयात कुणाचा शब्द शेवटचा, कुणाची भाषा आत घ्यायची आणि कुणाची राहून गेली तरी चालेल, हे प्रश्न कंपनीवर सोडले की उत्तरं बाजाराच्या हिशेबानं येतात. नोव्हेंबर 2021 मध्ये युनेस्कोच्या 193 सभासद देशांनी एआयच्या नीतिमत्तेवरची शिफारस एकमतानं मान्य केली. माणसाला गुण देऊन वर्गवारी करणाऱ्या आणि सरसकट पाळत ठेवणाऱ्या यंत्रणा नकोत, जीवनमरणाचा निर्णय यंत्रावर सोडू नये, यंत्रानं काय ठरवलं याचं कारण सांगता आलं पाहिजे, असं तिच्यात आहे. शिक्षण आणि संस्कृती यांवर वेगळी प्रकरणं आहेत आणि लहान भाषांचा, वारशाचा उल्लेख स्पष्ट आहे.

तिकडे देशांच्या प्रमुखांच्या एआय परिषदाही सुरू झाल्या: 2023 ला इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क, 2024 ला सोल, 2025 ला पॅरिस, आणि फेब्रुवारी 2026 मध्ये आपली दिल्ली.

‘शिफारस’ म्हणजे बंधन नाही. मग कागदच तो.

कागदच. कायदा नव्हे, मोडला म्हणून कुणाला दंड होत नाही. बंधनकारक असा युरोपीय संघाचा एआय कायदा आहे, ऑगस्ट 2024 पासून अमलात, पण तो त्यांच्या बाजारापुरता. भारतानं वेगळा एआय कायदा केलेला नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली आहेत.

तरी मी या कागदाला हसणार नाही. असे कागद आधी अनुदानाच्या अटींत शिरतात, मग विद्यापीठांच्या नियमांत, मग निविदांत. उद्या एखादी परदेशी संस्था तुमच्या घराण्याच्या ध्वनिमुद्रणांवर काम करायला आली आणि गायकाच्या घरच्यांची लेखी परवानगी मागू लागली, तर ती सौजन्य म्हणून मागणार नाही. तिला मागावीच लागते.

आमच्याकडे आजोबांच्या वेळच्या स्पूल टेप आहेत. घरच्या बैठका आहेत त्यात. त्यांचं काय करू?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांबलचक आहे.

पहिलं: जुन्या मशीनवर ‘चालते का बघू’ म्हणून लावू नका. अनेक वर्षं न वाजलेली टेप पहिल्याच वाजवण्यात तुटू शकते किंवा तिच्यावरचा थर हेडला चिकटून निघून येऊ शकतो. डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती अॅसिटेटची टेप आहे आणि खराब होऊ लागली आहे. ती इतरांपासून वेगळी ठेवा आणि आधी तिचं काम करून घ्या. बाकीच्या टेप उभ्या ठेवा, आडव्या नाही. लोखंडी कपाटाजवळच्या स्पीकरपासून, माळ्यावरच्या उन्हापासून लांब. ग्वाल्हेरचा मे महिना माळ्यावर काय करतो हे सांगायला नको.

दुसरं: घाई करा. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए यांनी 2019 मध्ये जगभर इशारा दिला होता की टेप टिकल्या तरी त्या वाजवणारी यंत्रं, सुटे भाग आणि दुरुस्त करणारी माणसं 2025 च्या सुमारास मिळेनाशी होतील. ती मुदत उलटून गेली आहे. डिजिटल प्रत करून घेताना दुकानदाराला स्पष्ट सांगा: एमपी3 नको, वेव्ह फाइल हवी, 24 बिट आणि जमल्यास 96 किलोहर्ट्झ. हे आयएएसएचंच प्रमाण आहे. ‘आवाज साफ करून देतो’ म्हणाले तर म्हणावं, साफ केलेली प्रत वेगळी द्या, मूळ आहे तशी द्या. तंबोऱ्याचा झंकार खरखर समजून पुसून टाकलेली मुद्रणं मी ऐकली आहेत.

तिसरं, आणि इथेच बहुतेकांचं घोडं अडतं: नोंद. एका डब्यावर पेन्सिलीनं एवढंच होतं: ‘दुर्गा. छोटा ख्याल. बुवा.’ कोण बुवा? त्या काळी अर्ध्या लष्करात कुणी ना कुणी बुवा होते. गायक, साथीदार, राग, बंदिशीचा मुखडा, कुणाच्या घरी, कुठल्या निमित्तानं, साधारण कुठलं वर्ष, मशीन कुणी चालवलं, हे सगळं एका वहीत लिहा. अंदाज असेल तर ‘अंदाजे’ लिहा. घरातली ज्येष्ठ माणसं ऐकून ओळखतात. त्यांना पुन्हा पुन्हा ऐकवा आणि ती सांगतात ते त्यांच्याच आवाजात फोनवर टिपून घ्या. सुमतीआत्या ‘हे तर आमच्या दिवाणखान्यातलं, मागे कपबशी वाजतेय बघ’ म्हणतात, तेव्हा ती माहिती जगातल्या कुठल्याच यंत्राकडे नसते.

ठेवायचं कुठे, असंही विचारतात. गुरुग्राममध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा, 1982 मध्ये सुरू झालेला, ध्वनिसंग्रह आहे. तिथे ठेव म्हणून देताना कुणाला ऐकू द्यायचं, कुणाला नाही, हे करारात लिहिता येतं. कुठेही द्या, पण करार न वाचता देऊ नका, आणि एक प्रत घरी ठेवा.

संगणकाला राग कळतो का हो? खरं सांगा.

काही भाग कळतो. यावर खरं आंतरराष्ट्रीय काम झालं आहे. बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात झेविअर सेरा यांनी युरोपीय निधीतून 2011 मध्ये ‘कॉम्पम्युझिक’ नावाचा प्रकल्प सुरू केला. हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की मकाम, अरब-आंदालुसी आणि पेकिंगचं ऑपेरा अशा पाच परंपरा त्यात होत्या. आयआयटी मद्रास आणि आयआयटी मुंबईची मंडळी बरोबरीनं होती.

त्यांची पहिलीच अडचण आपल्याला गंमतशीर वाटेल. पाश्चात्य संगीतासाठी बनवलेली यंत्रणा गृहीत धरते की स्वर ठरलेल्या जागी आहेत. आपल्याकडे प्रत्येकाचा षड्ज निराळा. त्यामुळे यंत्राला आधी तंबोरा ऐकून सा शोधायला शिकवावं लागलं. मग आला भूप आणि देशकार या दोन रागांचा पेच. स्वर तेच पाच. यंत्रानं नुसते स्वर मोजले तर दोन्ही एकच. गायक कुठे थांबतो, धैवतावर किती वेळ देतो, गंधाराला कसं वागवतो, हे मोजायला लागल्यावर फरक दिसू लागला. आयआयटी मुंबईत अशा जवळच्या रागांच्या जोड्यांवर मुद्दाम काम झालं आहे.

म्हणजे यंत्राला ओळख पटते. पण बडा ख्याल भरताना आमच्या ग्वाल्हेरचा गवई संथ बोलआलापातून वेगवान बोलतानेत कधी शिरतो आणि त्या क्षणी का शिरतो, हे त्याला विचारू नका. आणि ओळख पटवायलाही त्याला नाव, राग, ताल लिहिलेली मुद्रणं लागतात. ‘दुर्गा. छोटा ख्याल. बुवा.’ यावर त्याचं काहीच चालत नाही.

गुरूसमोर बसून शिकायची विद्या. तिला या नोंदी आणि यंत्रं कशाला?

हा वाद ग्वाल्हेरला नवा नाही. 1918 मध्ये इथे माधव संगीत विद्यालय निघालं आणि भातखंड्यांची स्वरलिपी, म्हणजे गाणं कागदावर लिहायची पद्धत, वर्गात आली, तेव्हाही घराण्याच्या जुन्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. स्वरलिपीतून गाणं येत नाही हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण बंदिशी टिकल्या त्या त्याच वह्यांमुळे. त्याआधी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी इथे वासुदेवबुवा जोश्यांकडे कष्टानं विद्या मिळवली आणि महाराष्ट्रात नेली. पुढे विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे मिरजेला शिकले. गुरूसमोर बसून शिकण्याची आणि लिहून ठेवण्याची, दोन्ही वाटा एकाच वेळी चालू होत्या. एकीनं दुसरीला अडवलं नाही.

वाड्यात मोडी कागदांची बोचकी आहेत. एआय वाचेल का?

हळूहळू वाचू लागेल. ऑस्ट्रियात इन्सब्रुकला ‘ट्रान्सक्रिबस’ आहे: युरोपातल्या ग्रंथालयांनी आणि विद्यापीठांनी मिळून चालवलेली, 2019 पासून सहकारी संस्थाच असलेली, हस्तलिखितं वाचणारी यंत्रणा. सहकार म्हटल्यावर मराठी माणसाला वेगळं समजवायला नको. मोडीसाठी आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी 2025 मध्ये मोडीचं देवनागरी करणारं मॉडेल मांडलं. त्यासाठी जाणकारांनी आधी हातानं लिप्यंतर केलेली दोन हजारांवर पानं लागली.

मोडी वाचणारी माणसं इथे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांच्याकडून दहा पानं नीट वाचून घेतली तरी ती कामाची. फोनवर फोटो काढताना पान सपाट, उजेड खिडकीचा, फ्लॅश बंद, आणि कडेला पट्टी ठेवा. बोचकं सोडताना कागदांचा क्रम मोडू नका. कुठला कागद कशासोबत बांधला होता हीसुद्धा माहितीच असते. जमीनजुमल्याचे वाद चालू असतील तर आधी घरच्यांना विचारा.

फोनला पुण्याची मराठी कळते, आमची नाही. का?

कारण त्यानं तुमची ऐकलेलीच नाही. आपली मराठी हिंदीच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या वाढली. वाक्य मराठीत सुरू होऊन महाराज बाड्याच्या चौकातल्या भाजीवाल्याशी हिंदीत संपतं. यंत्राला शिकवलेल्या आवाजांत असे आवाज नसतील तर ते अडखळणारच.

यावर घरबसल्या करता येईल असं काम आहे. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’वर मराठी आहे; वाक्यं वाचून आवाज देता येतो, आणि तो संच जगात कुणालाही मोकळा. सरकारच्या ‘भाषिणी’ या भाषा-तंत्रज्ञान प्रकल्पाचं ‘भाषादान’ही तसंच. आधी विचार करून घ्या: दिलेला आवाज परत घेता येईलच असं नाही. ज्यांना ते चालतं त्यांनी जरूर द्यावा, विशेषतः साठीपुढच्यांनी, कारण अशा संचांमध्ये तरुण मुलग्यांचीच गर्दी असते.

गुरुजींच्या आवाजात कुणी एआयनं गाणं बनवून टाकलं तर?

कलाकाराचा आपल्या सादरीकरणावर कॉपीराइट कायद्यानं 50 वर्षं हक्क असतो, आणि 2012 च्या दुरुस्तीनं नैतिक हक्कही मिळाले आहेत. आवाजाच्या नकलेबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं जुलै 2024 मध्ये अरिजित सिंग यांच्या बाजूनं आदेश दिला. पण ते प्रसिद्ध, वकील हाताशी असलेले. आपल्या गल्लीतल्या गुरुजींना ती वाट महाग पडते, हे स्पष्ट सांगायला हवं.

म्हणून दिसल्या दिसल्या दुवा, तारीख आणि पडद्याचा फोटो जपून ठेवा, मगच तक्रार करा. आधी तक्रार केलीत तर पुरावाही नाहीसा होतो. यूट्यूबवर आवाजाच्या अशा नकलेबद्दल तक्रारीची वेगळी सोय 2024 पासून आहे. आणि यापुढे कुणालाही मुद्रण देताना कागदावर एक ओळ वाढवा: ‘एआय प्रशिक्षणासाठी वापर करायचा असल्यास स्वतंत्र लेखी परवानगी.’

मुलगी सातवीत आहे, गृहपाठ एआयकडून करून घेते.

युनेस्कोच्या सप्टेंबर 2023 च्या मार्गदर्शिकेत वर्गातल्या वापरासाठी किमान वय 13 सुचवलं आहे. भारताच्या 2023 च्या वैयक्तिक डेटा कायद्यानुसार 18 खालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी. बाकी, तिला उत्तर तोंडी समजावून सांगायला लावा. सांगता आलं तर ठीक.

परदेशी मुलं इथे शिकायला येऊ शकतात का? आणि आमचा मुलगा बाहेरची पदवी घेऊन आला तर?

येऊ शकतात. मौलाना आझादांनी 1950 मध्ये स्थापलेली आयसीसीआर, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, परदेशी विद्यार्थ्यांना भारतीय संगीतासाठीही शिष्यवृत्ती देते. मात्र विद्यार्थी येतो तो अभ्यासक्रम लिहून दिलेल्या, पत्राला उत्तर देणाऱ्या संस्थेकडे.

बाहेरच्या पदव्यांच्या समकक्षतेचे नियम यूजीसीनं एप्रिल 2025 मध्ये नव्यानं काढले. वैद्यक, कायदा, नर्सिंग यांसारख्या शाखांना ते लागू नाहीत. त्यांच्या परिषदांचे नियम वेगळे. प्रवेश घेण्याआधी बघा, नंतर नाही.

हे सगळं गाण्याचं झालं. विज्ञानाचं काही?

जिनिव्हाजवळचं सर्न, जिथे 27 किलोमीटरच्या वर्तुळात कण धडकवतात, त्याची कल्पना 1950 मध्ये फ्लॉरेन्सला युनेस्कोच्याच परिषदेत पुढे आली. 1954 मध्ये ते उभं राहिलं, भारत 2017 पासून सहयोगी सभासद आहे. आणि त्या यंत्रातले अतिवाहक चुंबक आणि चुंबक अचूक जागी धरणारे जॅक यांच्या पुरवठ्यात आपल्या शेजारच्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राचा हात आहे. इंदूरकर हे सांगताना थोडे फुगतात. फुगू द्यावं.

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या पत्रिकेवर युनेस्कोचं चिन्ह छापू का? शहर तर सभासद आहे.

नाही. सभासद शहर आहे, मंडळ नाही. युनेस्कोचं नाव आणि चिन्ह वापरायला लेखी परवानगी लागते. ‘युनेस्कोच्या संगीत शहरात’ असं वाक्य मजकुरात लिहायला हरकत नाही. पत्रिका आधीच छापून झाल्या असतील तर चिन्हावर मंडळाच्या गणपतीचा स्टिकर लावा, आणि उरलेल्या जागेत यंदाच्या गायकाचं, तबलजीचं आणि पेटीवाल्याचं पूर्ण नाव घाला.